मागच्या सीटवरची घोंगडी

मी एक जुनी घोंगडी आहे, मित्रांनो. रंगानं काळी, अंगानं खरखरीत आणि एका कडेला फाटून पुन्हा शिवलेली. नव्या माणसाला मी टोचते, पण त्याला माझा इलाज नाही. मेंढीची लोकर आहे, रेशीम नव्हे. आज तुम्हाला माझी हकिगत सांगायला बसले आहे खरी, पण आधीच सांगून ठेवते, की मी काही शूरबिर नाही. ही हकिगत आठवली तरी माझा धागा न् धागा थरथरतो.

माझा जन्म माण तालुक्यातला. आप्पासो नावाच्या मेंढपाळाच्या काळ्या मेंढ्यांची लोकर कातरली, पिंजली, तिचं सूत काढलं आणि म्हसवडच्या धनाजी सणगरानं मला मागावर विणलं. चिंचोक्याची खळ लावून त्यानं मला उन्हात ताणून वाळवलं, तेव्हा मी अगदी फळीसारखी ताठ झाले होते. "आप्पासो, ही तुमच्या नातवंडांनाबी पुरंल," असं म्हणून त्यानं मला आप्पासोच्या खांद्यावर टाकलं. त्या कौतुकानं मी जी फुगले, ती बरीच वर्षं तशीच होते.

आप्पासो आणि त्याची बायको बयाबाई दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला, वाळव्या-शिराळ्याच्या शिवारात उतरायचे. मी त्यांच्याबरोबर ऊन, वारा, पाऊस सगळं अंगावर घेतलं. थंडीत जन्मलेली कोकरं माझ्यात गुंडाळली जायची. बयाबाई तर मला डोक्यावरून घेऊन, पाय पोटाशी ओढून अशी निजायची, की आत माणूस आहे की पोतं, ते कळू नये.

आणि आमची एक रीत होती. मुक्कामाच्या जागी भांडीकुंडी, पिठाची पिशवी, देवाची पेटी असं सगळं रचायचं, वर मला पांघरायचं आणि बिनघोर मेंढरांमागं निघून जायचं. रस्त्यानं जाणारा माणूस ते बघून वळसा घालून जायचा. घोंगडी टाकलेली आहे म्हणजे मालक आहे, हात लावायचा नाही, हे लहान पोरालाही ठाऊक असे. मला मात्र वाटायचं, हा माझाच दरारा आहे!

पुढं आप्पासो गेला. मेंढरं विकली गेली. त्यांचा मुलगा मल्हार सांगलीला शिकून इंजिनिअर झाला, सांगलीच्याच पल्लवीशी त्याचं लग्न झालं आणि ती दोघं जर्मनीला नोकरीला गेली. माझी रवानगी डांबराच्या गोळ्यांसह माळ्यावर झाली. तिथं मी किती काळ पडून होते कोण जाणे. कसर लागली, उंदरानं एक कोपरा चाखून पाहिला. माणसानं विचारलं नाही की वस्तू आतून विरत जाते, मित्रांनो. मीही विरत चालले होते.

मग एका उन्हाळ्यात मल्हारनं आईला जर्मनीला नेण्याचं ठरवलं, आणि बयाबाईनं मला खाली ओढलं.

"आई, तिकडे घर गरम असतं. ही कशाला उगाच?" पल्लवी नाकाला पदर लावत म्हणाली. माझा वास तिला सहन होईना.

"हिच्याबिगर माजा डोळा लागत न्हाई," बयाबाई म्हणाली. "तुमाला वास येत आसंल तर मी लांब निजंन."

तेवढ्यावर तो विषय संपला आणि मी विमानात चढले.

तिथल्या सुट्टीत मल्हारनं सगळ्यांना गाडीनं इटलीला फिरायला न्यायचं ठरवलं. सात माणसांची मोठी गाडी होती. पुढं मल्हार आणि पल्लवी, मधे त्यांची मुलगी प्रांजल, आणि सगळ्यात मागच्या लांब सीटवर बॅगांच्या सोबतीनं बयाबाई आणि मी. निघण्याआधी मल्हारला कुणीतरी बजावलं होतं, की तिकडं गाड्या फोडणारे चोर असतात, सामान उघडं दिसू देऊ नका. मल्हारला ते पटलं होतं, पण सामान ठेवायचं कुठं, याची त्याला चिंता पडली होती.

"त्यात काय रं?" बयाबाई म्हणाली. "वर घोंगडी टाक. कुणी हात लावत न्हाई."

मल्हार हसला आणि त्यानं खरोखरच तसं केलं. समुद्रकाठच्या एका गावात गाडी उभी करून सगळे फिरायला गेले आणि मी बॅगांवर एकटी पसरून राहिले. थोड्या वेळानं काचेला एक तोंड चिकटलं. ते गेलं, दुसरं आलं. हाताची ओंजळ डोळ्यांभोवती धरून ती माणसं मलाच न्याहाळत होती. मी मनात म्हणत होते, "अरे, वळसा घाला, मालक आहे!" पण तिथं माझी भाषा कुणाला कळत होती? आमच्या माळावर झाकलेलं म्हणजे हात लावू नका. इथं झाकलेलं म्हणजे आत नक्की काहीतरी आहे! माझा दरारा माणची शीव ओलांडताच संपला होता, आणि हे कळलेली त्या गाडीत मी एकटीच होते. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

त्या वेळी काही झालं नाही. सगळे परतले, काचा शाबूत पाहून मल्हारनं मला एक थाप मारली. "बघितलंस, आये? तुझी घोंगडी पावली." चालून चालून दमलेली बयाबाई मागच्या सीटवर आडवी झाली. नेहमीसारखं तिनं मला डोक्यावरून घेतलं, पाय पोटाशी ओढले आणि गाढ झोपून गेली. दोन्ही बाजूंना बॅगा, मधे ती. बाहेरून बघणाऱ्याला एकच ढीग दिसत असणार.

गाडी गावाबाहेर पडली. बऱ्याच अंतरावर एक स्कूटर शेजारी आली. तिच्यावरची दोन माणसं हॉर्न वाजवून मागच्या चाकाकडं बोट दाखवू लागली. आता तुम्हीच सांगा, आमच्याकडं दहिवडीच्या रस्त्यावर कुणी चाकाकडं बोट दाखवलं तर आपण काय करतो? थांबतो. त्या माणसाला दादा म्हणतो, चहा पाजतो. मल्हारही तिथंच वाढलेला. त्यानं गाडी कडेला घेतली. आईला उकडू नये म्हणून एसी चालू ठेवला, म्हणजे इंजिनही चालूच राहिलं. प्रांजलला लघवीला लागली होती म्हणून पल्लवी तिला घेऊन झुडपाआड गेली. मल्हारनं त्यातल्या एकाशी हात मिळवला, आणि दोघंही चाकापाशी उकिडवे बसले.

पुढचं दार उघडलं. सीट दबल्याचा आवाज आला, आणि गाडी एकदम उसळी मारून पळाली.

"आये!" मल्हारची हाक मला ऐकू आली. दुसऱ्यांदा आली ती बारीक होऊन आली. मग आलीच नाही.

मित्रांनो, आजवर मी लांडग्याचं ओरडणं ऐकलं होतं, पुराच्या पाण्यात भिजले होते. पण तशी भीती मला कधी वाटली नव्हती. माझ्या आत बयाबाई झोपली होती आणि गाडी कोण चालवतोय हे तिला माहीत नव्हतं.

गचक्यानं ती जागी झाली. "मल्हारा, हळू चालीव रं," असं ती पुटपुटणार होती. पहिला शब्द अर्धा बाहेर आला आणि ती गप्प झाली, कारण माझ्या विरलेल्या जागेतून तिला समोरची मान दिसली होती. ती मल्हारची नव्हती. त्या मानेवर निळं गोंदलेलं होतं. मधल्या सीटवर प्रांजल नव्हती. पुढं पल्लवी नव्हती.

बयाबाईनं मला दोन्ही मुठींत आवळलं. तिला दरदरून घाम फुटला आणि तो घाम माझ्या लोकरीत मुरत गेला. ती ओरडली नाही. पोरीचं काय केलं असेल, मल्हार जिवंत आहे का, हेच तिच्या मनात असणार, कारण ओठ हलवून ती तेवढी दोनच नावं घेत होती. तो चोर फोनवर मोठमोठ्यानं हसत बोलत होता. मी स्वतःला म्हणत होते, हलू नकोस, लोकरीचा एक तंतूसुद्धा हलू देऊ नकोस.

पण वळणं सुरू झाली. बयाबाईला गाडी लागायची. तिनं पदर तोंडात कोंबला, डोळे मिटले, पण पोटापुढं कुणाचं चालतं? ती भडाभडा ओकली.

हसणं थांबलं. गाडी एका कच्च्या वाटेला वळली, खाली खाली गेली आणि उभी राहिली. बाजूचं दार सरकलं. त्यानं मला धरून खस्सकन ओढलं, आणि माझ्याखालून पांढऱ्या केसांची, कपाळावर गोंदण असलेली, भेदरलेली म्हातारी बाहेर आली.

किंकाळी फोडली ती त्यानं!

मग तो चिडला. आपण भ्यालो याचाच त्याला राग आला असावा. त्यानं बयाबाईचा दंड धरून तिला बाहेर खेचलं. तिनं हात जोडले, "बाबा, माजी नात कुटं हाय? तेवडं सांग," असं ती म्हणत राहिली. त्याला काय कळणार? ती दगडांवर पडली, पाय मुरगळला. तो मला परत गाडीत टाकायला निघाला तशी तिनं माझी कड धरली. त्यानं ओढली, तिनं ओढली. टर्रकन आवाज झाला आणि मी फाटले. त्यानं शिवी हासडल्यासारखं काहीतरी म्हटलं, मला तिच्या अंगावर फेकलं आणि गाडी घेऊन तो निघून गेला.

ती जागा म्हणजे जुनी, सोडून दिलेली दगडाची खाण होती. जिकडं बघावं तिकडं पांढराशुभ्र खडक आणि त्यावर तळपतं ऊन. बयाबाईच्या चपला गाडीत राहिल्या होत्या. तिच्या मधुमेहाच्या गोळ्या, पाणी, सगळं गाडीत. फोन तिला वापरता येत नव्हता आणि मल्हारचा नंबर पाठ नव्हता. ज्या गावाला आपण चाललो होतो, त्याचं नावसुद्धा तिला सांगता आलं नसतं. वर दूरवर रस्त्यावरून गाड्या जाताना दिसत, पण तिला उभंही राहता येईना.

मला वाटलं, आता ती मला डोक्यावर घेईल. तेवढी एकच सावली तिच्यापाशी होती. पण बयाबाई रांगत उंचवट्यावर गेली. तिथं तिनं मला पुरतं उलगडलं, खडकावर पसरलं आणि चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. माळावर चुकलेला मेंढपाळ असंच करतो. हिंडत बसत नाही. उंचावर घोंगडी पसरतो आणि शोधणाऱ्याची वाट बघत तिच्याशेजारी बसतो. मी मनात आकांत करत होते, "अगं, मला पांघर, तुझं डोकं तापलंय!" ती मात्र पदर डोक्यावर ओढून माझ्या कडेला बसली आणि रस्त्याकडं बघत राहिली.

ऊन हलेना. तिचे ओठ सुकले. हात कापायला लागले, साखर उतरली की तिला तसं होतं. एकदा ती माझ्यावर कलली. "मल्हारा, बघ रं लेकरा, हिकडं बघ," असं म्हणाली आणि मग बोलायचीच थांबली.

मल्हारनं कळवल्यावर शोधायला निघालेली पोलिसांची गाडी वरच्या रस्त्यावरून एकदा पुढं निघून गेली होती, असं मला नंतर मल्हारच्या बोलण्यातून कळलं. खाली काळ्या ताडपत्रीचं फडकं पडलंय, असं त्यांना वाटलं होतं. परतीच्या फेरीला मल्हार त्यांच्यासोबत होता. त्यानं चालत्या गाडीतच दार उघडायला घेतलं. "ती ताडपत्री नव्हे, ती माझी आई आहे!" असं तो चक्क मराठीत ओरडला म्हणे.

घसरत, पडत तो खाली आला. बयाबाईच्या तोंडाला पाणी लावलं, साखर घातली. तिनं डोळे उघडले आणि पहिला प्रश्न केला, "पोरगी कुटं हाय?"

"प्रांजल बरी हाय, आये. वर पल्लवीजवळ हाय." आणि तो लहान पोरासारखा रडायला लागला. "आये, गाडी गेली तवा मी तुला हाक मारली. पन पल्लवी पळत आली, तवा तिला काय म्हनलो ठावं हाय? पासपोर्ट गेलं म्हनलो. आदी पासपोर्ट, मग तू."

बयाबाईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "आसूं दे. तुजा बा बी वड्याला पानी आलं की आदी कोकरं उचलायचा, मंग मला हाक मारायचा. लय भांडलीय मी त्यावरनं."

पल्लवी आली ती थेट सासूच्या गळ्यात पडली. मग तिनं मला उचललं. धुळीनं माखलेली, ओकारीनं बरबटलेली, फाटलेली मी. तिनं मला छातीशी धरलं आणि नाकाला पदर लावला नाही.

गाडी पुढं सापडली, रिकामी. बॅगा गेल्या त्या गेल्याच. त्याचं कुणाला फारसं दुःख झालं नाही.

आता मी पुन्हा माणमध्ये आहे. माझी फाटलेली कड बयाबाईनं स्वतः शिवली. ती रोज मलाच घेऊन निजते, पण आता गळ्यापर्यंतच घेते. तोंड उघडं ठेवते. बाहेर रस्त्यावर एखादी गाडी थांबून तिचं इंजिन चालूच राहिलं, की झोपेतही तिची मूठ माझ्यावर आवळते आणि माझ्याही अंगावर काटा येतो. आम्हा दोघींची ती भीती काही गेली नाही.

म्हणून मित्रांनो, या जुन्या घोंगडीचं एवढं ऐका. परक्या रस्त्यावर कुणी चाकाकडं बोट दाखवलं, तर भर वस्तीत, चार माणसांत जाऊनच थांबा. उतरताना इंजिन बंद करून किल्ली मुठीत घ्या. सामान झाकून ठेवू नका, बरोबर घ्या. आणि गाडी सोडण्याआधी मागच्या सीटवरचं पांघरूण एकदा उचलून बघा. त्याखाली तुमचं दमलेलं माणूस असेल. झोप मोडेल म्हणून तिथंच ठेवू नका. त्याला उठवा आणि हाताला धरून खाली घ्या.