पुढं मऊ, मागं कडक

टायरवर खापर फोडून राजारामने तीन वेळा नोकरी वाचवली होती. चौथ्यांदा खापर फोडायला टायरच उरू नये, असा बंदोबस्त अण्णांनी त्या सोमवारी केला.

अण्णा म्हणजे लालबागच्या थेटरचे मॅनेजर. राहायला गिरगावात, मनाने सज्जन आणि स्वभावाने पक्के कारकून. सिनेमाची एकच प्रिंट आणायची आणि ती गिरगावात नि लालबागला जोडीने चालवायची, ही मालकांची युक्ती. गिरगावात खेळ तीनला सुरू व्हायचा, लालबागला पावणेचारला. तिकडे दोन रिळं संपली की ती पत्र्याच्या डब्यांत भरून राजारामने मोटरसायकलवरून लालबागला आणायची, इकडची संपलेली परत न्यायची, आणि दिवसभर हेच करायचं. रीळ वेळेवर आलं तर प्रेक्षकाला त्याचा पत्ताही लागत नाही. नाही आलं तर पडदा पांढरा होतो.

शनिवारी तो अकरा मिनिटं पांढरा राहिला. आधी शिट्ट्या झाल्या, मग खुर्च्या वाजल्या, मग अंधारात कुणीतरी ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र’ अशी आरोळी दिली आणि पाचशे गिरणी कामगारांनी ‘झालाच पाहिजे’ म्हणून छप्पर डोक्यावर घेतलं. संयुक्त महाराष्ट्र अण्णांनाही हवाच होता, फक्त तो थेटराबाहेर व्हावा एवढीच त्यांची इच्छा. रविवारी पोलीस येऊन दम देऊन गेले की, पुन्हा असं झालं तर थेटराला टाळं लागेल.

“हे बघ राजाराम, मला टायरातलं ओ की ठो कळत नाही,” अण्णा म्हणाले. “परळला बुधाजीकडे जा, तुझ्या मनाने निवड. पावसात पकड हवी आणि दोन पावसाळे टिकायला हवा. बिल थेटर देईल. जुने टायर मात्र इथे आणून टाक. मालकांना दाखवायचेत, नाहीतर त्यांना वाटेल मी उधळपट्टी करतोय. पण ह्यापुढे टायर हा शब्द मला ऐकायचा नाही. एकदा जरी पडदा पांढरा झाला तर गाडी जगदीशला देणार.”

जगदीश पोस्टरं चिकटवायचा आणि गाडीवर दोन वर्षं डोळा ठेवून होता. राजारामने मान हलवली. भीती चेहऱ्यावर दिसू दिली नाही. गेलं वर्षभर त्याने हीच एक कला कमावली होती.

चाळीत राजाराम म्हणजे लष्करातला रायडर. महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गुडघाभर चिखलातून त्याने डाक पोचवली होती आणि एकदाही गाडी आडवी होऊ दिली नव्हती. खोलीत भिंतीवर बुद्ध, त्याखाली बाबासाहेब आणि त्याखाली मोटरसायकलवर बसलेला वर्दीतला राजाराम. दीक्षा घेतली तेव्हा घरातले बाकीचे सगळे फोटो निघाले, हा राहिला. त्याची बायको कौसल्या रोज तीनही काचा पुसायची. थेटराने आपल्या वस्तीतल्या माणसाच्या हातात गाडी दिली, याचं चाळीला कोण अप्रूप. थेटरात काहींच्या पोटात दुखलं तेही त्याच कारणाने. अशा माणसाने घाबरायची सोयच नव्हती.

आणि घाबरायला झालं तरी काय होतं? गेल्या श्रावणात लालबागच्या नाक्यावर पुढचं चाक ट्रामच्या रुळाच्या खाचेत गेलं आणि तो पडला. हाड मोडलं नाही, रक्तही फारसं आलं नाही. फक्त मागून आलेल्या लॉरीचं चाक त्याच्या डोक्यापासून वीतभर अंतरावरून गेलं. त्या चाकाच्या नक्षीत अडकलेला खडा त्याला दिसला होता. लोकांनी उचललं, चहा पाजला, आणि तो डबे घेऊन वेळेत थेटरला पोचलासुद्धा. दुसऱ्या दिवशी पाऊस होता. नाक्यावर आला आणि पाय आपोआप जमिनीला टेकले.

तेव्हापासून रस्ता कोरडा असला की राजाराम राजा होता. ओला झाला की प्रत्येक रुळापाशी तो खाली उतरायचा, इंजिन चालू ठेवून गाडी हाताने पलीकडे न्यायचा आणि पुन्हा बसायचा. भायखळ्यापासून लालबागपर्यंत असे रूळ काय कमी होते? दोष टायरचाच, असं तो अण्णांना सांगायचा, कौसल्येला सांगायचा आणि रात्री स्वतःला सांगायचा. दोनदा टायर बदलले ते फसवायला म्हणून नव्हे. बदलल्यावर भीती जाईल, असं त्याला खरोखर वाटलं होतं.

बुधाजीने दुकानात दोन टायर पुढे टाकले. “ह्यो मऊ रबराचा. ओल्या दगडाक पालीसारखो चिकटतो, पण झिजता लवकर. ह्यो कडक. दोन काय, तीन पावसाळे काढील, पण ओल्यात जरा निसटता. माझं ऐकशील तर पुढं मऊ लाव नि मागं कडक. पुढचं चाक वाट धरता, मागचं राबता. हवा नेमकी भर. कमी हवेत पकड येते असं सांगणारे शहाणे लय असतात, त्यांचं ऐकू नको.”

“यानं रुळावर धरंल?” राजारामने विचारलं.

“रूळ आडवो कापलास तर धरंल.” बुधाजीने बोलता बोलता जुने टायर उतरवले, उजेडात फिरवले आणि कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, “ह्यो टायर कोण चालवता?”

“मीच की.”

“मागचो बघ. मधे पाट्यासारखो सपाट, आणि कडेला ही रबराची केसं बघ. साच्यातनं निघताना येतात ती. एक वळण नीट घेतलंस तरी घासून जातात. मधे इतक्या झिजलेल्या टायरावर ती कशी रे? आणि पुढचो तर अजून मुंडावळ्या बांधून बसलाय. पुढचा ब्रेक दाबतच नाय तू. गाडी कलवत नाय.” त्याने आवाज खाली आणला. “राजाराम, तू भितोस.”

राजारामला वाटलं, कुणीतरी भर बाजारात अंगावरचं धोतर ओढलं.

“नाचता येईना अंगण वाकडं, असं मी म्हणणार नाय,” बुधाजी म्हणाला. “तुका नाचता येतं. म्हणून तर वाईट वाटता. अण्णाक सांग सरळ.”

“सांगू? लष्करातला माणूस ट्रामच्या रुळाला भितो म्हणून सांगू? चाळीत तोंड कुठं दाखवू? कौसल्येला काय सांगू?” राजारामचा आवाज चिरकला. “हे टायर मालक बघणार हायत. कुणा जाणकाराच्या नजरेला पडले तर मी संपलो. बुधाजी, कानस दे.”

बुधाजीला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा त्याने पंक्चरची कानस काढून दिली आणि पाठ फिरवून बसला. राजाराम टायरच्या कडा घासू लागला. केसं गेली, मग नक्षीची धार गेली, काळा भुगा मांडीवर साचला. न घेतलेली वर्षभराची वळणं तो तासाभरात हाताने घेत होता. स्वतःची इतकी लाज त्याला कधीच वाटली नव्हती, आणि तरी हात थांबत नव्हता.

अण्णांनी टायर पाहिले आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिले. “अरे, कडेपर्यंत खलास झालेत. खरंच होतं तुझं. मीच उगीच संशय घेतला,” ते म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर राजारामला त्या गोड लागल्या असत्या.

दुपारी पाऊस कोसळत होता. गिरगावातून पाचवं आणि सहावं रीळ घेऊन राजाराम निघाला. पुढं मऊ, मागं कडक, हवा नेमकी. मुंबईत ह्याहून चांगली जोडी कुणाच्या गाडीला नव्हती. भायखळ्याचे रूळ त्याने दात आवळून बसल्याबसल्या पार केले, पाय दोन्हीकडे लोंबते ठेवून, पण केले. डोळ्यांत पाणी आलं. जमलं, असं तो मोठ्याने म्हणाला.

मग लालबागचा नाका आला. मागे लॉरी होती. रूळ चकाकत होते. आडवं कापायचं, वळणाकडे अंग टाकायचं, ब्रेकला हात लावायचा नाही, हे त्याला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. पण हात थिजले. गाडी थांबली, पाय टेकले, आणि तो उतरून ढकलू लागला.

“राजारामदादा, बंद पडली काय?” चाळीतला रामजी छत्री टाकून धावत आला. त्याच्याबरोबर आणखी एक गिरणीवाला होता. गाडीचं इंजिन धडधडत होतं. अजून चार पावलं पुढे आले असते तर दोघांनाही ते ऐकू आलं असतं. राजारामने हँडलवरची कळ ओढली आणि इंजिन बंद केलं.

“हां,” तो म्हणाला. “बंद पडली.”

रूळ ओलांडल्यावर त्याने किक मारली. पंधरा, वीस, तीस मारल्या. पावसात भिजलेलं इंजिन एकदा थंडावलं ते थंडावलंच. शेवटी तिघांनी मिळून गाडी थेटरापर्यंत ढकलत नेली. दारात पोचले तेव्हा आतून पाचशे लोकांचं ‘झालाच पाहिजे’ रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं. ऑपरेटरने डबे हिसकावून घेतले आणि जिना चढला.

अण्णा पायरीवर उभे होते. चेहरा पांढराफटक पडलेला. रामजी आधीच बोलून गेला, “गाडी बंद पडली, साहेब. बिचाऱ्यानं भर पावसात ढकलत आणली. त्याचा दोष नाय.”

अण्णांनी गाडीकडे पाहिलं, निथळणाऱ्या राजारामकडे पाहिलं. “इंजिन उघडून घ्यावं लागेल,” ते थकून म्हणाले. “मालकांशी मी बोलतो. नवे टायर घालूनही बिचारा काय करणार.”

म्हणजे पुन्हा वाचलो, राजारामच्या मनात आलं. इंजिन उघडतील, मग प्लग बदलतील, मग साखळी, आणि आपण एकेक सुटा भाग कानशीने घासत बसू.

“गाडी चांगली हाय, अण्णा,” तो म्हणाला. “मीच बंद केली. ओल्या रुळावर मला बसवत नाय. गेल्या श्रावणापासून उतरून ढकलतोय. टायर कधीच खराब नव्हता. कडा मी कानशीनं घासल्या.”

रामजी त्याच्याकडे बघत राहिला, मग त्याने नजर वळवली. तेवढ्यात आतला गलका थांबला, रीळ चढलं होतं.

“लष्करात होतास ना रे तू?” अण्णांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. मग त्यांनी जगदीशला हाक मारली.

प्लग पुसल्यावर गाडी पहिल्या किकला सुरू झाली. तिसरं आणि चौथं रीळ गिरगावला परत जायचं होतं. डबे बांधताना राजारामने जगदीशला सांगितलं, “रूळ तिरका घेऊ नको. आडवा काप. वळणावर ब्रेकला शिवू नको, अंग टाक. भिऊ नको, टायर धरील.”

“हो दादा,” जगदीश म्हणाला आणि निघाला.

पायरीवरून नाका सरळ दिसत होता. गाडी रुळांपाशी आली तेव्हा राजारामच्या मनात आलं, सरकू दे. एकदाच, थोडीशी, पण सरकू दे. आपण काय इच्छिलं हे त्याला कळलं आणि त्याने डोळे मिटायचं ठरवलं, पण मिटले नाहीत. जगदीशने रूळ आडवा कापला, गाडी कलवली, आणि ओल्या दगडांवरून ती वळून दिसेनाशी झाली. टायर केसभरसुद्धा सरकला नव्हता.

रामजी केव्हाच चाळीकडे गेला होता. राजाराम खाली बसला. कौसल्येला कळायला आता फार तर अर्धा तास होता.