हरणाबाईचा गुडघा

कुणाला पटणार नाही, म्हणूनच सांगतो. माझ्या बायकोच्या एका गुडघ्यापुढे आख्खी धनगरवस्ती तोंडात बोट घालून उभी राहिली होती.

लढाई संपली त्या साली हरणाबाईचे गुडघे मडक्यासारखे सुजले. दिवाळी सरली की आम्ही मेंढरं घेऊन माणदेशातून कृष्णाकाठाला उतरतो. माझा थोरला भाऊ बिराप्पा वस्तीचा कारभारी. तो म्हणाला, "हिला हितंच ठिवा. जिला उठाय येत न्हाई, ती मेंढरामागं काय चालंल?" मागे राहायचे म्हणजे पोराबाळांशिवाय, ओसाड वस्तीत एकटीने. शेवटचा उपाय म्हणून गुडघ्यांवर तापल्या लोखंडाचे डाग द्यायचे ठरले. चुलीत विळा लाल झाला.

तेवढ्यात आष्ट्याचे लालासाहेब आले. खतासाठी आपल्या मळ्यात मेंढरं बसवायचं ठरवायला. फौजेच्या दवाखान्यात शिपायांचे पाय चालते करून परतलेला माणूस. विळा बघून ओरडले, "बैल हाय व्हय रं डागायला? बसून बसून गुडघा आखडलाय. हलवा त्येला!"

परक्या बाईला हात कसा लावणार? तिला दाखवायला त्यांनी माझ्याच पायाला वाळूची पिशवी बांधली. "दगडावर बसायचं. पाय सरळ करायचा, धरायचा, धा मोजून सावकाश सोडायचा. वर गरम वाळूचा शेक. रोज."

"आवं, मला मोजाय कुठं येतंय?" हरणाबाई म्हणाली.

आकडे येत नव्हते, मेंढरं येत होती. पाय उचलला की ती नावं घ्यायची, "बांडी... काळतोंडी..." तिसरीला पाय धाडकन खाली. कळवळायची.

"ऱ्हाऊ दे गं," मी म्हणायचो.

"तुमी गप बसा. कळपात आजून लय जणी हाईत."

रोज एकेक मेंढरू वाढत गेलं. निघायच्या सकाळी तिने बिराप्पासमोर दगडावर बसून पाय वर केला. सगळ्या कळपाची नावं घेऊन झाली. पाय वरच! मग ती दुष्काळात मेलेल्या मेंढरांची नावं घेऊ लागली. बिराप्पाने डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं. "बास, पोरी," एवढंच म्हणाला, "चल."

आणि काय सांगू तुम्हाला! उठली ती खांद्यावर एडका टाकून थेट आष्ट्यापर्यंत कळपाच्या पुढं चालत! कुत्री दमली, बिराप्पा दमला, ही मात्र...

"खोटं!" आतून हरणाबाई ओरडली. "चालले न्हाई मी. कोकरांसंगं घोड्यावर बसून गेले."

मग म्हणाली, "पर घोड्यावर माझी मी चढले."