पाच किलोच्या आत

दुपारचं सगळं घर निजलेलं. वीज गेल्यामुळे कूलरही गप्प. त्या सामसुमीत कोपऱ्यातला इन्व्हर्टर 'पीं' करून ओरडला, थांबला, अन् पुन्हा ओरडला.

"तिसऱ्या खान्यातलं पाणी कमी झालं," खाटेवरून भावसिंग म्हणाला. डोळे मिटलेलेच.

रंजिता पाण्याची बाटली घेऊन उठली. बॅटरीची झाकणं एकेक करून उघडली. तिसऱ्याच खान्यात पाणी खुणेच्या खाली गेलेलं. तिला हसू आलं. यवतमाळच्या आयटीआयमध्ये ती वायरमनच्या पोरांना शिकवते, मीटर लावल्याशिवाय बोलायचं नाही म्हणून रोज घसा कोरडा करते. आणि इथं उमरखेडला तिचा बाप झोपेत, नुसत्या आवाजावरून निदान सांगतो.

पाणी भरून तिनं पलंगाखाली वाकून पाहिलं. लेकीच्या, जमनीच्या जुन्या दुपट्यात गुंडाळलेली ती वस्तू सकाळपासून तिथंच होती. बापापुढं ठेवायची हिंमत काही होत नव्हती. आज शनिवार. सोमवारी नांदेडचा माणूस गाडी न्यायला येणार होता.

गाडी म्हणजे बेडकी. लाल रंगाची, फायबरच्या अंगाची, दोनच सीटची, बिनछपराची आणि जमिनीला पोट टेकल्यासारखी बुटकी. नागपूरच्या कुणा हौशी माणसानं शर्यतीच्या गाड्यांची चित्रं पाहून ती बांधायला घेतली आणि अर्ध्यावर सोडली. भावसिंगनं ती टेम्पोत घालून उमरखेडला आणली तेव्हा रंजिता सात वर्षांची होती. एका छोट्या कारचं जुनं इंजिन बसवून दोन वर्षांत त्यानं ती चालती केली. बसस्टँडमागं त्याचं बॅटरी चार्जिंगचं दुकान. तांड्यांवर तेव्हा वीज असली तरी बारा-बारा तास नसायची. लोक टीव्हीची बॅटरी सायकलच्या कॅरिअरवर बांधून नाहीतर डोक्यावर चुंबळ ठेवून आणायचे, भरून घ्यायचे. ज्या म्हाताऱ्यांना येणं जमायचं नाही त्यांच्या बॅटऱ्या भावसिंग स्वतः पोचवायचा, आणि तीसुद्धा बेडकीतून. डाव्या सीटवर रंजिता, तिच्या दोन पायांमध्ये बॅटरी. गाडी तांड्यात शिरली की पोरं ओरडत मागं धावायची, आणि रंजिता मान ताठ करून समोर बघायची, आपल्याला काही ऐकूच येत नाही असं. त्या काळातल्या तिच्या एकूण एक फ्रॉकला गुडघ्यापाशी ॲसिडची बारीक भोकं होती. तिची याडी, म्हणजे आई धुरपताबाई, प्रत्येक भोकावर रंगीत दोऱ्याचं फूल भरायची. शाळेतल्या बाईंना वाटे, हौसेनंच काढलीत.

फेब्रुवारीत भावसिंगचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरनं बजावलं, पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. आणि बेडकीत तर ट्रकची बॅटरी. उभ्या गाडीत ती मरून जाते म्हणून तो दर आठ दिवसांनी ती काढायचा, घरात आणून भरायचा, परत बसवायचा. मार्चमध्ये धुरपताबाईनं त्याला ती उचलताना पकडलं. त्या दिवसापासून पाना ज्वारीच्या कोठीत गेला. मग एक दिवस त्यानं आपणच रंजिताला फोनवर सांगितलं, "गाडी देऊन टाकतो बाई. एक माणूस मिळाला." रद्दी देऊन टाकतो म्हणावं अशा सुरात. तो सूर रंजिताला काही सहन झाला नाही.

मग तिनं शोध घेतला. डब्याच्या सुट्टीत, जमनी गृहपाठ करत असताना, गॅसवर दूध ठेवून. साधी छोट्या कारची बॅटरी पाहिली, अकरा किलो. पाणी न लागणारी बंद बॅटरी पाहिली, नऊ किलो, आणि आपल्याकडचे दोन उन्हाळे पाहिले की ती संपणार. मोटारसायकलची हलकी, पण इंजिन फिरवायचा तिच्यात दम नाही. शेवटी लिथियम-लोहाची एक सापडली. चार किलोच्याही आत, चार-चार महिने उभी राहिली तरी न उतरणारी, उन्हाला टिकणारी. फक्त इंजिनच्या धगीत ठेवायची नाही. बेडकीत बॅटरी सीटच्या मागं असते, धग तिथवर जात नाही. पुण्याहून ती आल्यावर रंजितानं आयटीआयच्या टेबलावर तीन वेळा पूर्ण रिकामी करून तीन वेळा भरली, तेव्हा कुठं तिचा विश्वास बसला.

बापाचा बसेल याचा मात्र भरवसा नव्हता. बॅटरी उचलून पाहून घ्यावी, हा त्याचा धंद्यातला एकच मंत्र. जेवढं शिसं तेवढा दम. कमी शिसं घालून वर चकचकीत लेबल चिकटवणारे कितीतरी ठग त्यानं नुसत्या मनगटानं पकडले होते.

ऊन कलल्यावर चहा झाला तेव्हा तिनं दुपटं उलगडलं.

"हे काय आणलं?"

"बॅटरी. बेडकीची."

भावसिंगनं जोर लावून उचलली आणि हात एकदम वर गेला, भरलेली समजून रिकामी कळशी उचलावी तसा.

"याच्यात बॅटरी हाय का मुरमुरे?"

"लिथियमची हाय बापू."

"असन. चाळीस वर्सं म्या लोकायले एकच सांगतलं, हलकी घेऊ नका. आता माह्यीच पोरगी मले मुरमुरे देऊन राह्यली."

"घ्या ना मंग," चुलीपाशी बसल्या बसल्या धुरपताबाई म्हणाली. "दातं कुठं राह्यले तुमाले. मुरमुरेच बरे."

तो बॅटरी घेऊन ओसरीतल्या भंगार तोलायच्या काट्यापाशी गेला. दुकान बंद केलं तरी काटा घरी आणला होता. काटा जेमतेम हलला.

"तीन किलो आठशे."

"पाच किलोच्या आत," रंजिता म्हणाली.

तेव्हा त्याला कळलं. त्यानं बॅटरी काट्यावरून उतरवली.

"हे पाह्य बाई," तो म्हणाला, "डॉक्टरनं सांगतलं म्हणून मी घेणार नाई. दम असन तं ठेवतो, अन् गाडीबी ठेवतो. नसन तं सोमवारी गेली. दया करून कोनी बॅटरी घेत नसते."

"मंजूर."

ज्वारीच्या कोठीतून पाना निघाला. ट्रकची बॅटरी काढताना रंजिताचे आणि धुरपताबाईचे हात भरून आले. सहा वर्षांची जमनी नळाजवळ उभी राहून दोघींना "अजून थोडं, अजून थोडं" म्हणत होती. शाळेत तिचं नाव वेगळं, घरात मात्र भावसिंगच्या आईचं.

"बेचाळीस किलोचा धोंडा," रंजिता कमरेवर हात ठेवून म्हणाली. "या एवढ्याशा गाडीत ट्रकची बॅटरी कायले घातली बापू? याच्या चौथाईत गाडी सुरू झाली असती."

"दम लागते," भावसिंग म्हणाला आणि दुसरीकडं बघू लागला.

नवी बॅटरी त्याच जागी, डाव्या सीटच्या मागं, लाकडाच्या ठोकळ्यांत घट्ट बसवली. मग परीक्षा. भावसिंगनं दोन्ही दिवे लावले आणि समोर खुर्ची टाकून बसला. इंजिन बंद, दिवे चालू, अर्धा तास. जमनीनं दोनदा विचारलं, नाना काय बघतात. तिसऱ्यांदा ती त्यांच्या मांडीवर जाऊन बसली आणि तीही दिव्यांकडं बघू लागली. दिवे जरासुद्धा पिवळे पडले नाहीत.

"मार."

रंजितानं किल्ली फिरवली. इंजिन लगेच पेटलं.

"बंद कर. पुन्हा मार."

असं सात वेळा. सातव्यांदा भावसिंग उठला, वाकून त्यानं बॅटरीच्या अंगाला तळवा लावला, गरम झाली का पाहायला, आणि सरळ होत म्हणाला, "दम हाय."

पदवीच्या कागदावर सही झाली तेव्हाही रंजिताला इतकं मोकळं वाटलं नव्हतं.

तो एकटाच ढाणकीच्या रस्त्यानं चक्कर मारायला गेला. धुरपताबाईनं पाना पुन्हा कोठीत टाकायची गरज नाही म्हणून दारावरच्या खिळ्याला लावला. पण गाडी लवकरच परत आली. भावसिंग उतरला, आणि त्याच्या कपाळावर आठ्या.

"नाई जमत."

"काय झालं? बंद पडली?"

"बॅटरी सोन्यासारखी हाय. गाडी उजवीकडं बसून राह्यली. वळणावर अंगावर येते. या वयात मले भेव वाटते, खोटं कायले सांगू. येऊ दे त्याले सोमवारी."

रंजितानं त्याला पुन्हा सीटवर बसवलं आणि मागून पाहिलं. खरंच, चालवणाऱ्याच्या बाजूला गाडी बोटभर झुकली होती. एवढी हलकी गाडी, उजवीकडं ऐंशी किलोचा भावसिंग, आणि डावीकडचे बेचाळीस किलो आज तिनं स्वतःच्या हातानं काढून टाकलेले. पोरांना रोज शिकवणारी ती, हे तिच्या आधी लक्षात यायला हवं होतं.

"रेतीचं पोतं ठेवू तिकडं," ती म्हणाली. "नाईतर थोच धोंडा पुन्हा ठेवू, नुसता. तार नाई जोडायची. मंग तुमाले कधी उचलायचं काम नाई."

"नाई," भावसिंग म्हणाला. "थो पुन्हा नाई ठेवत. लय वर्सं धोंड्यावरच भागवलं."

"काहून?"

धुरपताबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"तुले कोनी सांगतलंच नाई ना," ती म्हणाली. "पह्यले गाडीले लहानच बॅटरी होती. तू नागपूरले होस्टेलले गेली, त्याच महिन्यात आणला यायनं थो ट्रकचा धोंडा. आठ दिवस गाडी वाकडी चालून राह्यली म्हणून कुरकुर केली, अन् मंग दुकानदाराच्या सगळ्या बॅटऱ्या उचलू उचलू पाह्यल्या. दुकानदारानं इचारलं, किती अँपिअरची पाह्यजे. तं म्हनते कसे, अँपिअर कोनतंबी दे, वजन सांगतो, पोरीएवढं."

"तू कायले सांगतं?" भावसिंग म्हणाला.

"मंग मले कायले सांगतलं होतं?"

"तुले बस म्हटलं होतं त्या सीटवर. तू बसली काय?"

"मी काय घोरपड हाय त्याच्यात बसाले? एकदा बसली तं दोन बायांनी ओढून काढली होती."

जमनी खदखदून हसली. रंजिता हसली नाही. भावसिंगनं उतरून बोनेटवरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसली. पुसायला तिथं धूळ नव्हती.

"आपल्या लोकायनं बैलावर लदेणी वाह्यली," तो म्हणाला. कुणाला सांगतोय ते कळू नये अशा बेतानं. "मीठ म्हना, धान्य म्हना. माह्यी याडी सांगे, गोणी दोन्ही अंगाले सारखी पाह्यजे. नाईतं बैलाची पाठ लागते, अन् बैल तं काई बोलत नाई. एवढंच होतं ते. दुसरं काई नाई."

रंजिता दार न उघडता, लहानपणी टाकायची तशीच टांग टाकून डाव्या सीटवर उतरली. पण तेव्हासारखं सहज जमलं नाही; साडी अडकली, गुडघा लागला.

"चला," ती म्हणाली.

ढाणकीच्या रस्त्याला शेतं रिकामी होती. कुठंतरी उशिरा शिजवलेली हळद वाळत पडली होती, तिचा वास सगळ्या हवेत. छप्पर नसल्यानं वारा सरळ तोंडावर यायचा. तिनं केस बांधले नव्हते. पहिल्या वळणावर भावसिंगनं गाडी सांभाळून घातली, दुसऱ्यावर जरा सैल, आणि तिसऱ्या वळणाला त्यानं वेग कमीच केला नाही. गाडी रुळावरून जावी तशी वळली. एक दूधवाला मोटारसायकल थांबवून बघत राहिला. रंजितानं मान ताठ केली आणि समोर बघितलं. आपलं असं करणं तिच्या लक्षात आलं तोवर बापाच्याही लक्षात आलं होतं. तो मिशीत हसत होता.

"बरोबर आली," तो म्हणाला.

"काय?"

"गाडी."

तांड्याच्या फाट्यावरून त्यांनी गाडी वळवली.

घरी आल्यावर भावसिंगनं स्वतः पाना घेतला, दोन नट सोडवले आणि एका हातानं बॅटरी उचलून बाहेर काढली. गरज नव्हती, ही बॅटरी गाडीतच राहिली असती. पण त्याला उचलायची होती. ती काखेत धरून तो अंगणभर जरा जास्तच लांबून फिरून ओसरीवर गेला, काट्याच्या शेजारी ठेवली, आणि आत पाहत म्हणाला, "रंजीची याडी, त्या नांदेडवाल्याले फोन लाव. येऊ नको म्हन."

"उद्या लावीन."

"आताच लाव."

धुरपताबाई मोबाइल शोधत आत गेली. रंजितानं गाडीवर ओढायला ताडपत्री हातात घेतली. आपण यवतमाळहून आणलेलं काम पुरं झालं, असं मनाशी म्हणायला तिनं सुरुवात केली होती. उद्या दुपारच्या एसटीनं मायलेकींना निघायचं होतं.

जमनी गाडीभोवती एक फेरी मारून आली. रिकाम्या डाव्या सीटवर तिनं दोन्ही तळहातांनी दाबून पाहिलं, मग मागं होऊन गाडीकडं तिरपं डोकं करून बघितलं.

"आई," ती म्हणाली, "उद्या आपण गेल्यावर नाना इकडं काय ठेवतील?"