सात वाजताची खरखर

शिडीच्या चौथ्या पायरीवर उभं राहून निकेशने खांबावरच्या डब्यातली तिसरी वायर सोडली आणि मीटरकडे पाहिलं. खरखर तशीच होती. मग चौथी सोडली. पडद्यावरचा काट्यांचा गच्च पुंजका एकदम खाली बसला. सात वाजून तीन मिनिटं झाली होती.

चौथी वायर म्हाताऱ्या गोमाजींच्या घरात जात होती.

कारध्यातल्या या गल्लीचं नेट महिनाभर रोज सातला वीस मिनिटं लंगडत होतं. केबलचं असंच असतं. एका घरात पिन सैल झाली की बाहेरची खरखर तिथून शिरते आणि सगळ्या गल्लीला छळते. पण खरखरीला घड्याळ कळतं, हे निकेश केबल कंपनीतल्या नोकरीच्या सहा वर्षांत पहिल्यांदाच पाहत होता. समोरच्या चंद्रकलाबाईंच्या मुलीचा परीक्षेचा ऑनलाइन क्लास नेमका सातचा. त्यांनी आज त्याला चहासुद्धा विचारला नव्हता.

वायर परत जोडून तो गोमाजींच्या घरात शिरला. आतल्या खोलीत त्यांची बायको पुष्पाबाई खाटेवर मोबाइल धरून बसल्या होत्या. मधेच कटलेला कॉल परत यायची त्या वाट पाहत होत्या. गोमाजी मोडेमपाशी उकिडवे बसले होते आणि त्यांच्या दोन बोटांत मागची पिन होती, अर्धी सोडवलेली.

"काकाजी, हे काय करून राहिले?"

गोमाजी ओशाळले, पण पिन काही सोडली नाही.

"पोरीचा, रीताचा फोन येते न, बाबू. पिन ढिली केली का चेहरा फुटते. आवाज तेवढा पोचते तिले."

निकेशने पुष्पाबाईंकडे नीट पाहिलं. दिवाळीत कनेक्शन द्यायला आला तेव्हा याच बाईंनी त्याला चिवडा बांधून दिला होता. आता गालांची हाडं वर आली होती, भुवया गळल्या होत्या, डोक्याला रुमाल घट्ट बांधला होता. नागपूरला कसला इलाज चालू आहे, हे विचारायची गरज नव्हती.

"सातवा महिना हाय तिले," पुष्पाबाई म्हणाल्या. "पहिले दोन राहिले नाही. खाटेवरून उतरू नोको म्हणते पुण्याचा डॉक्टर. मले असं पाहिलं तर रातच्याच गाडीनं निघंल."

"मंग साधा फोन करा न."

"केलता. जावयाले म्हणे, आई तोंड काहून लपवते? नेटले कोणी काही इचारत नाही."

हे मात्र खरं होतं. गावात नेटवर कोणाचाच भरवसा नव्हता.

पिनेला हात न लावता उठून जावं, असं निकेशला फार वाटलं. मग त्याने विचारलं, "काकू, तुम्हाले तरी ताई दिसते काय?"

"महिना झाला बापा. नुसते चौकोन."

निकेशने पाना काढला आणि पिन आवळली. गोमाजींचा हात त्याला अडवायला पुढे आला.

"थांबा, काकाजी. चित्र येणारा रस्ता वेगळा असते, जाणारा वेगळा. जाणारा तेवढा मी बारीक करून ठेवतो. फक्त तुमच्या घरचा."

त्याने ऑफिसात फोन लावला. तिकडून कारण विचारलं तेव्हा 'ग्राहकाची मागणी' म्हणाला. मोडेमचे दिवे विझून पुन्हा लागले, आणि मोबाइल वाजला.

पडद्यावर रीता आली, अख्खी. उशीला टेकलेली, केस विस्कटलेले, पोटावर हात. पुष्पाबाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

"आई? आयकू येऊन राहिलं काय?"

"पाय दाखव," पुष्पाबाई म्हणाल्या.

"काय?"

"पाय दाखव म्हटलं न."

कॅमेरा खाली गेला.

"सुजले हाय. उशी घे पायाखाली. उद्या डॉक्टरले सांगजो, इसरू नोको."

रीता थबकली. "तुले दिसून राहिलं? मले तर तू चौकोन चौकोनच दिसून राहिली."

"तिकडचंच नेट खराब असंन तुयं!" गोमाजी कोपऱ्यातून घाईघाईने ओरडले.

रीता हसली आणि फोन इकडून तिकडे फिरवून पाहू लागली.

"राहू दे," पुष्पाबाई म्हणाल्या. "हालू नोको जराशी. पाहू दे मले."