नऊ दिवसांचे शेण

फाल्गुनातली सकाळ होती. खाडीवरून येणारा वारा अद्याप गार होता. परंतु अंजूरच्या शिवारात त्याने डोलवावे असे आता फारसे काही उरले नव्हते. तो गोदामांच्या पत्र्यांवर आदळे आणि परत फिरे. अशा वेळी राहीबाई रोजच्याप्रमाणे रिकामी पाटी घेऊन केसरीनाथशेटच्या तबेल्याशी आली. मागे पाड्यावरच्या आणखी दोघी होत्या. तबेल्यात चौदा म्हशी. गेली चार वर्षे त्यांचे शेण या बायका उचलून नेत, टेकाडावरच्या आपल्या पाड्यात जमिनीखाली बांधलेल्या गोबरगॅसच्या टाकीत कालवून घालीत, आणि त्यावर अकरा घरांच्या चुली पेटत.

आज केसरीनाथ स्वतः दारात आडवा उभा होता.

"आजपासून शेन मिलनार न्हाय."

"का वो शेट? म्हशी इकल्या का काय?"

"मना लागतं. शेतान टाकाचं हाय."

राहीबाईने मान वळवून रस्त्यापलीकडे पाहिले. "शेतावं त तुमचा गोडाऊन हाय. पत्र्यावं टाकनार का?"

मागच्या दोघींनी पदर तोंडाशी नेला. केसरीनाथचे कान तापले.

"येक डाव सांगितला ना? न्हाय म्हंजे न्हाय!"

रिकामी पाटी राहीबाईने काखेत धरली आणि तिघी आल्या वाटेने गेल्या.

या नकाराचे मूळ तबेल्यात नव्हते. ते एका पत्रात होते. गरीब देशांतल्या लहान गावांनी स्वतःच्या बळावर इंधन किंवा वीज निर्माण केली, तर त्यांचा सन्मान करणारी एक परदेशी संस्था होती. केसरीनाथने शेजारच्या काल्हेर गावातल्या आपल्या दुसऱ्या गोदामावर सौर पट्ट्या बसवल्या होत्या. उन्हात त्या चकाकू लागल्या की ठाण्याकडून येणाऱ्यालाही दिसत. त्याचा मुलगा हितेश अभियंता. त्याने बापाचा अर्ज भरला, आणि त्याच बैठकीत राहीबाईचाही भरला. बापाला नकार आला. राहीबाईला कळवण्यात आले, की दहा दिवसांनी परीक्षक चूल पाहण्यास येत आहेत.

"माज्याच घरात बसून तू तिचा कागद भरलास?" केसरीनाथने मुलाला विचारले होते.

"बाबा, तुमच्या पट्ट्यांवर गोडाऊनचा एसी चालतो. त्यांच्या गॅसवर अकरा घरांचा भात शिजतो. ते लोक हेच बघतात."

"आन शेन कोनाचा? माजा! उद्या ती टेजवर शाल घिऊन बसंल आन मी खाली टाल्या वाजवू?"

ओसरीच्या कोपऱ्यात एक फलक गुंडाळून ठेवलेला होता. केसरीनाथने तो आधीच छापून घेतला होता: त्याचे छायाचित्र, हात जोडलेले, आणि वर ठळक अक्षरांत अभिनंदन. त्या गुंडाळीकडे त्याची दृष्टी गेली, की तो जेवता जेवता ताटावरून उठे.

म्हशींचा धंदा त्याच्या घरात तीन पिढ्यांचा. सकाळी वैरण चुकली की संध्याकाळी दूध आटते, हे त्याला पाळण्यापासून ठाऊक होते. त्याच न्यायाने त्याने हिशेब बांधला. शेण बंद, की दोन दिवसांत गॅस बंद. आणि परीक्षक येतील तेव्हा राहीबाई थंड चुलीपुढे बसलेली असेल.

दिवस जाऊ लागले. शेणाचा ढीग वाढू लागला. पूर्वी शेतकरी गाड्या भरून नेत. आता शेते नव्हती, त्यामुळे नेणारेही नव्हते. सहाव्या दिवशी ढीग म्हशींच्या पोटाला लागला, आणि माश्या स्वयंपाकघरापर्यंत आल्या.

"अवो," त्याची बायको तुळजा ताटावर पदर हलवीत म्हणाली, "ह्या शेनाची पूजा मांडाची हाय का? मना भाकरीवं माश्या दिसतान, तील न्हाय."

"चार दिस दम धर."

"तुमचा दम माज्या नाकान चाललाय, त्याचा काय?"

रोज सकाळी तो गच्चीवर जाऊन पाड्याकडे पाही. गॅस संपला तर लाकडे पेटतील, लाकडे पेटली तर धूर दिसेल. धूर दिसला नाही. त्याने मनाशी म्हटले, बाया वडापाव आणून खात असतील.

दहाव्या दिवशी परीक्षक आल्या. दिपिकाताई नावाच्या, पिकल्या केसांच्या, पुण्याच्या बाई. त्यांना पाहायला निम्मा गाव टेकाड चढला. केसरीनाथही गेला. पांढरा सदरा घालून तो सर्वांच्या पुढे उभा राहिला. असा क्षण मागून पाहण्यात त्याला गोडी नव्हती.

राहीबाईच्या झोपडीत सारवलेल्या भुईवर चूल होती. राहीबाईने प्रथम चुलीला हळदीकुंकू वाहिले, हात जोडले, मग काडी ओढली.

ज्योत उठली. निळी, स्थिर, कमळाच्या पाकळ्यांसारखी वर्तुळात उमललेली. राहीबाईने तीवर चहाचे आधण ठेवले.

केसरीनाथच्या तोंडून निघून गेले, "ह्यो पेटला कसा?"

"पेटनार न्हाय त काय?" राहीबाई त्याच्याकडे न पाहता म्हणाली. "टाकी म्हंजे म्हस न्हाय शेट, सकाली खाल्लं आन सांजच्याला दूध दिलं. आज घातलेलं शेन म्हैना-सवा म्हैना पोटात मुरतं, तवा त्याचा जाल व्हतो. ह्यो आता पेटलाय, त्यो शिमग्याच्या आदीचा."

शिमग्याच्या आधीचा. तेव्हा पत्र आले नव्हते. तेव्हा केसरीनाथ रोज सकाळी तबेल्याच्या दारातून हाक मारी, "न्या गो बायांनो, चांगला भरभरून न्या." समोर जळत होते ते त्याच दिवसांचे देणे होते.

दिपिकाताईंनी वही उघडली. "शेण कुठून येतं? नियमित मिळतं ना?"

नऊ दिवस रिकाम्या राहिलेल्या पाट्या भिंतीशी पालथ्या होत्या. गावातल्या कितीजणांनी त्या पाहिल्या होत्या! केसरीनाथने सदऱ्याची कड मुठीत धरली.

"ह्या शेटचं हाय," राहीबाई म्हणाली. "चार वर्सं झाली. येक पैसा न्हाय घेतला."

दिपिकाताईंनी नाव विचारून लिहून घेतले आणि त्याला नमस्कार केला. मग पहिला चहाही त्यालाच दिला गेला. तो गोड होता. एक घोट घेऊन त्याने कप भुईवर ठेवला.

त्याच संध्याकाळी, दिवस असताना, गावाने एक आश्चर्य पाहिले. केसरीनाथशेट डोक्यावर शेणाची पाटी घेऊन टेकाड चढत होता. सदरा तोच, पांढरा.

"ठेवा तितं," राहीबाई म्हणाली. "पानी आमी घालू."

"आजच्यानं भरून निंगल ना?"

"आजचं आजच्या जागी. मधलं नऊ दिस ऱ्हायलं ते ऱ्हायलं. गावदेवीच्या जत्रंला चूल मंदावल."

"जत्रंला? पाव्हनं येतील तुमचं!"

"येतील. लाकडं आनू. डोंगर कुटं गेलाय?"

"मंग तू त्या बाईला सांगितला का न्हायस?"

राहीबाईने पाटी टाकीत रिकामी केली आणि काठीने शेण ढवळू लागली. "तिनं शेन कुटनं येतं इचारलं. बंद कोनी केलं, ह्ये कुटं इचारलं?"

चैत्रात सन्मान जाहीर झाला. पत्रात राहीबाईच्या नावाखाली केसरीनाथचेही नाव होते. हितेशने नवा फलक लावला. त्यावर दोघे होते. त्याच आठवड्यात जत्रा आली, आणि पाड्यावरून धूर उठू लागला. पालखीपुढे नाचणाऱ्यांना त्याचे काही वाटले नाही. केसरीनाथ मात्र रोज सकाळी गच्चीवर जाऊन मोजीत असे. एक, दोन, तीन. नवव्या सकाळीही धूर होता. दहाव्या दिवशी टेकाडावरचे आकाश स्वच्छ झाले.

तिच्या शालीचा मत्सर त्याने एव्हाना कसाबसा पचवला होता. ती ते नऊ दिवस खोकत, डोळे पुशीत राहिली आणि कोणापाशी एक शब्द बोलली नाही, त्याचा हेवा मात्र त्याच्या पोटात अजून मुरतोच आहे.