काचेच्या खोलीतला माइक

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. व्यासपीठावर हारतुरे बघणारा नव्हे. सभागृहाच्या मागे, काचेच्या खोलीत दुभाष्यांपुढे बसणारा. मला दोन बटणे आहेत. एक दाबले की लाल दिवा लागतो आणि दुभाष्याचे बोलणे हेडफोनमध्ये पोचते. दुसरे खोकल्याचे. ते दाबून धरले की मी मुका. मग खुशाल खोका, शिंका.

नवा होतो तेव्हा माझी जाळी लखलखायची. मासेमारी, टपाल, गुरांचे रोग, कशाकशावरच्या परिषदा ऐकून माझे कान किटले. माझ्यापुढे एक ताई बसायची. ती पाहुण्यांचे बोलणे आपल्या भाषेत आणायची. शेजारी माझा जुळा भाऊ आणि त्याच्यापुढे काका. ते आपले बोलणे पाहुण्यांच्या भाषेत न्यायचे. नियम कडक होता. बोलणारा 'मी' म्हणाला की दुभाष्यानेही 'मी'च म्हणायचे, पदरचे काही घालायचे नाही. "आपण नळ, पाणी त्यांचं," काका म्हणायचे.

मग शेजारच्या देशाने कित्येक वर्षे लावून घेतलेले दार किलकिले केले. वीज आणि रेल्वेचा करार ठरला. सगळे खुशीत होते, ताई मात्र नव्हती. तिचा भाऊ डॉक्टर, त्याच देशात काम करणारा. तिकडे जखमी संपकऱ्यांवर उपचार केले म्हणून त्याला पकडून नेले होते. तो जिवंत आहे की नाही, हेही कोणी सांगत नव्हते. आमच्या खोलीत हे फक्त काकांना ठाऊक होते.

सहीच्या दिवशी आपल्या मंत्रीबाईंनी कैद्यांबद्दल विचारले, तेही चाचरतच. तिकडून आलेले पाहुणे मंत्री हसून काही बोलले. ते आता ताईला स्वतःच्या तोंडाने म्हणायचे होते.

तिचे बोट खोकल्याच्या बटणावर गेले आणि तिथेच राहिले. लोक हेडफोन चाचपू लागले. माझा जीव टांगणीला लागला.

"मी सांगू का, पोरी?" काका पुटपुटले.

"नको काका. माझं काम आहे."

तिने बोट उचलले. "माझ्या देशात असा एकही कैदी नाही. माझ्या शब्दावर विश्वास ठेवा." शब्दाला शब्द. मग दिवा न विझवताच ती म्हणाली, "इथपर्यंत पाहुणे बोलले. आता मी बोलतेय, दुभाषी. माझा भाऊ यांच्या तुरुंगात आहे. तो जिवंत आहे का, एवढंच सांगा."

आपली माणसे वळून काचेकडे बघू लागली. ताई आपल्या भाषेत बोलली होती, पाहुण्यांपर्यंत तर काही पोचलेच नव्हते. काकांची निवृत्ती तोंडावर आलेली. ते गप्प बसले असते तर कोणी बोल लावला नसता. पण त्यांनी चष्मा सारखा केला, माझ्या भावाचा दिवा लावला आणि नियमाप्रमाणे पाहुण्यांच्या भाषेत सांगितले, "माझा भाऊ तुमच्या तुरुंगात आहे. तो जिवंत आहे का, एवढंच सांगा."

पाहुण्यांचे हसू मावळले. मंत्रीबाईंनी पेनाला टोपण लावले. "सही नंतर. आधी याचं उत्तर."

सही लांबली, पण झाली. करारात एक कलम वाढले : आपले डॉक्टर तिकडच्या कैद्यांना भेटतील. ताईची नोकरी मात्र गेली. पुढे एकदा ती काकांना भेटायला आली. "दिसला तो आपल्या डॉक्टरांना. पार वाळलाय. पण आहे," म्हणाली आणि माझ्या जाळीवरून हात फिरवला. मला फार भरून आले.

आता नवी यंत्रे आली, मी कपाटात पडलो. मित्रांनो, कधी मला बाहेर काढलेत तर धूळ पुसा, वायर नीट गुंडाळा. आणि खोकल्याचे बटण खोकल्यापुरतेच दाबा. ताईचा भाऊ अजून सुटलेला नाही. कोणीतरी विचारत राहायला हवे.