सेवकरामचं म्हणणं

लिलाधर गभण्यांनी सेवकरामच्या शर्टाचं वरचं बटण लावलं आणि सेवकरामने ते लगेच काढून टाकलं. भंडाऱ्याच्या न्यायालयाच्या व्हरांड्यात हे तिसऱ्यांदा होत होतं.

"गळा आवळते जी," सेवकराम म्हणाला.

"राहू दे मंग."

लिलाधरांनी पिशवीतून डबी काढली, दुपारची गोळी त्याच्या तळहातावर ठेवली आणि पाण्याची बाटली पुढे केली. गोळी गिळून झाल्यावर त्यांनी त्याला तोंड उघडायला लावलं, जीभ वर करायला लावली. बाकावर शेजारी बसलेल्या बाईने नजर दुसरीकडे वळवली. दाढीत पांढरे केस आलेल्या माणसाच्या तोंडात दुसऱ्या माणसाने असं वाकून बघावं, हे तिला बरं वाटलं नसावं. लिलाधरांना आता त्याचं काही वाटत नसे.

सेवकराम अड्याळच्या ढिवर मोहल्ल्यातला. तिशीपर्यंत गावच्या तलावात त्याच्यासारखं जाळं फेकणारा कोणी नव्हता. मग मेंदूज्वर झाला. जीव वाचला, पण आधी काय करायचं आणि नंतर काय, हे डोक्यातून पुसलं गेलं. वर झटके सुरू झाले. झटका पाण्याजवळ आला तरी धोका, चुलीजवळ आला तरी धोका. आई गिरजाबाई होती तोवर तिने सांभाळलं. तिने अंथरूण धरलं, तेव्हा दवाखान्याच्या कागदांवर त्याच्या वतीने सही कोण करणार, असा प्रश्न आला. लिलाधर गावचे पोस्टमन. टपाल देता देता त्या घरी वर्षानुवर्षं चहा घेतलेला. न्यायालयाने त्यांना सेवकरामचे मर्यादित पालक नेमलं. "नातेवाईक मिळेपर्यंत दोन-तीन महिने," असं तेव्हाचे साहेब म्हणाले होते.

त्याला सहा वर्षं झाली. गिरजाबाई त्याच पावसाळ्यात गेली. लिलाधर निवृत्त झाले. सकाळची गोळी, दुपारची गोळी, रात्रीची गोळी, दोन वेळचा डबा, आंघोळ, आणि झोपताना दाराला बाहेरून कडी, कारण सेवकराम झोपेतून उठून सरळ तलावाकडे चालू लागे. सहा वर्षांत लिलाधरांनी गावाबाहेर मोजून नऊ रात्री काढल्या होत्या.

त्यातल्या तीन रात्री गेल्या चैत्रातल्या. बायको, उषाबाई, लेकीच्या बाळंतपणासाठी नाशिकला गेली होती. तिथेच उषाबाईची उजवी बाजू लुळी पडली. सेवकरामला त्याच्या चुलत भावावर, मुरारीवर सोपवून लिलाधर धावत गेले. चौथ्या दिवशी मुरारीचा फोन आला.

"तुमचा माणूस पडला जी अंगणात. जीभ चावली. लवकर या."

तुमचा माणूस. लिलाधर संध्याकाळच्या गाडीने परतले. उषाबाईने डाव्या हाताने त्यांचा सदरा धरून ठेवला होता. तिची बोटं लेकीने एकेक करून सोडवली.

उषाबाई नाशिकलाच लेकीकडे राहिली. त्यानंतर नवा पालक होण्याबद्दल त्यांनी मुरारीला विचारलं. मासेमारी सोसायटीत विचारलं. गिरजाबाईच्या माहेरी सानगडीलाही जाऊन आले. मुरारी म्हणाला, "जेवाले देईन भाऊ, एक काय दोन वेळा देईन. पन कागदावर माहं नाव नका टाकू." बाकीच्यांनी एवढंही सांगितलं नाही. शेवटी पालकत्वातून मोकळं करा, असा अर्ज त्यांनी केला. मोफत वकील म्हणून मिळालेल्या रेणू मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं, "दुसरा पालक नसेल तर बाहेरच्या जिल्ह्यातली संस्था. तिसरा मार्ग नाही, काका."

दिवाळीनंतर ते ती संस्था बघून आले होते. फरशी स्वच्छ होती, जेवण वेळेवर होतं. दुपारचे दोन वाजले होते आणि लांबच लांब खोलीत चाळीसएक पुरुष आपापल्या खाटेवर, पाय खाली सोडून बसले होते. कोणी बोलत नव्हतं. खिडक्यांना बारीक जाळी होती. "इथं आजूबाजूला तळंबिळं काही नाही, काळजी नको," असं तिथला व्यवस्थापक कौतुकाने म्हणाला होता. लिलाधरांनी हे कोणालाच सांगितलं नाही. सेवकरामला तर आज ते 'भंडाऱ्याले काम आहे' एवढंच सांगून घेऊन आले होते.

पट्टेवाल्याने पुकारा केला.

आत गेल्यावर रेणू मॅडमनी सेवकरामला मागच्या बाकावर बसवलं आणि लिलाधरांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं. न्यायाधीश पन्नाशीतले, शांत आवाजाचे होते. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिले.

"सहा वर्षं तुम्ही याचं व्यवस्थित केलंत. दर सहा महिन्यांचा अहवाल आहे, एकही चुकलेला नाही. मग आता का सोडता?"

लिलाधरांनी रात्रभर मनाशी घोकलेलं वाक्य होतं. ते ओठांपर्यंत आलं आणि थांबलं. बायकोच्या आजाराचे कागद रेणू मॅडमच्या फाइलमध्ये होते, पण तोंडाने सांगायचं तर मागे बसलेल्या माणसाच्या देखत सांगायला हवं होतं. त्यांनी पिंजऱ्याचा कठडा धरला.

"वय झालं साहेब."

"एकसष्ट म्हणजे काही फार वय नाही. रात्री याला कोंडून ठेवता, असं अहवालात लिहिलंय. खरं आहे?"

"हो."

"बाहेरून?"

"हो साहेब. तो तलावाकडे जाते म्हणून..."

"कायद्यात बसतं का हे? कोणाची परवानगी घेतली होती?"

न्यायाधीशांचा आवाज चढलेला नव्हता; पण सगळी खोली एकदम आपल्याकडे बघू लागल्यासारखी लिलाधरांना वाटली.

मागचा बाक सरकल्याचा आवाज आला. सेवकराम उठला होता. पट्टेवाल्याने दंड धरायच्या आत तो हात जोडून पुढे येऊन उभा राहिला. शर्टाचं वरचं बटण उघडंच होतं.

"साहेब, लिलाधरभाऊले सोडून द्या जी. यायनं काई नाई केलं."

"बस, सेवकराम," लिलाधर हलकेच म्हणाले.

"कडी म्याच लावतो साहेब. आतून. यायनं नाई लावली."

रेणू मॅडम त्याला मागे न्यायला उठल्या. न्यायाधीशांनी हाताने त्यांना थांबवलं.

"इथं कशाला आलोय, माहीत आहे तुला?"

"यायले धरून आणलं ना जी."

"कोणी सांगितलं असं?"

"ते पिंजऱ्यात उभे हायेत तं." सेवकरामने लिलाधरांकडे पाहिलं आणि पुन्हा हात जोडले. "यायले जाऊ द्या साहेब. वहिनी बिमार हाय. हात नाई उचलत तिचा. रोज सांजच्याले फोनवर रडते. हे बी रडतेत, मंग तोंड धुऊन मले भात वाढतेत."

लिलाधरांनी मान खाली घातली. संध्याकाळी सेवकरामच्या ओसरीवर बसूनच ते उषाबाईशी बोलत. तिथे रेंज चांगली येते, आणि ऐकणारं कोणी नसतं, असं ते समजून होते.

न्यायाधीशांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"यांना जाऊ दिलं, तर तुझं काय? तू कुठं राहशील?"

सेवकराम विचारात पडला. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या, ओठ हलले. उत्तर सापडायला त्याला नेहमीच वेळ लागे.

"मी राहीन जी," तो शेवटी म्हणाला. "मी कुठीबी राहीन. यायले सोडा."

"नक्की?"

"हो जी."

न्यायाधीशांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि बाजूला बसलेल्या लघुलेखकाला सांगायला सुरुवात केली. वाक्यं लांब होती. अर्जदाराच्या पत्नीचं गंभीर आजारपण कागदपत्रांवरून दिसून येतं. सदर व्यक्तीची इच्छा विचारात घेणं कायद्याने आवश्यक आहे. सदर व्यक्तीस समक्ष विचारलं असता तिने अन्यत्र राहण्यास संमती दर्शविली. सबब पंधरा तारखेस संस्थेने ताबा घ्यावा आणि त्या दिवसापासून अर्जदारास पालकत्वाच्या जबाबदारीतून मुक्त करण्यात येत आहे.

संमती हा शब्द ऐकताच लिलाधरांनी मान वर केली. "साहेब," ते म्हणाले. त्याला कुठलं काय माहीत, तो काय बोलला ते त्याला कुठं समजलं, असं काहीतरी त्यांना म्हणायचं होतं. पण उषाबाईबद्दल आत्ताच तो जे बोलला त्यातला एकही शब्द चुकीचा नव्हता. आणि सहा महिने वाट पाहिलेली गोष्ट समोर टंकली जात होती.

"काही सांगायचंय?"

"नाही साहेब."

तासाभराने आदेशाची प्रत हातात आली. रेणू मॅडमनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या न्यायालयात निघून गेल्या. लिलाधरांनी कागदाची घडी घातली, वहीत ठेवली, वही पिशवीत टाकली. मग सेवकरामचा हात धरून बसस्टँडवर आले. अड्याळवरून जाणारी पवनीची गाडी लागायची होती. धानाची कापणी चालू असल्याने फलाटावर विळे फडक्यात गुंडाळलेल्या बाया गटागटाने बसल्या होत्या. लिलाधरांनी केळी घेतली. सेवकरामने दोन खाल्ली आणि सालं हातात धरून बसला.

पंधरा तारखेला अकरा दिवस होते. अकरा दिवसांत त्याला सांगायचं होतं. सकाळी सांगितलं तर दुपारपर्यंत तो विसरेल आणि पुन्हा सांगावं लागेल. किंवा विसरणार नाही. आज सकाळपर्यंत लिलाधरांना याबद्दल काही शंका नव्हती. आता ते त्याच्या तोंडाकडे पाहत होते आणि त्यांना काहीच सांगता येत नव्हतं.

फोन वाजला. नाशिकहून लेक ज्योत्सना होती.

"बाबा, काय झालं? आई सकाळपासून फोन उशाशी घेऊन बसली आहे."

लिलाधर उठून उभे राहिले. चार पावलं लांब जाऊन बोलावं असं त्यांच्या मनात आलं. पण गर्दीत सेवकरामला एकटं सोडता येत नव्हतं. ते पुन्हा बसले. सेवकराम केळीची सालं खाली ठेवून त्यांच्याकडे बघू लागला होता.

"बाबा? ऐकू येतंय ना? दिलं का मोकळं करून?"

"तारीख पडली," लिलाधर म्हणाले.

पलीकडे ज्योत्सनाच्या मागून उषाबाईचा आवाज आला. शब्द कळत नव्हते. लिलाधरांनी "रात्री करतो फोन" म्हणून तो बंद केला आणि मांडीवर पालथा ठेवला.

गाडी फलाटाला लागली. बाया विळे सावरत उठल्या. सेवकराम मात्र उठला नाही. त्याच्या कपाळाला पुन्हा आठ्या पडल्या होत्या. आपल्या ओल्या, चिकट हाताने त्याने लिलाधरांचं मनगट धरलं.

"नाई सोडलं काय जी तुमाले?"

लिलाधरांनी मोकळ्या हाताने खाली पडलेली केळीची सालं उचलली.

"भेवू नका भाऊ," सेवकराम म्हणाला. "पुढच्या तारखेले मी अजून सांगीन साहेबाले."